रुमाल, डिरेक्टरी आणि तीन अक्षरे

युनिक्स पद्धतीच्या संगणकावर एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडू शकते. एखादी फाइल उघडण्याची ज्याला मुभा नाही, तिच्यातला एक काना किंवा मात्राही जो बदलू शकत नाही, तोच माणूस ती फाइल समूळ नाहीशी करू शकतो. नवशिक्याला हा यंत्रणेतला दोष वाटतो. वास्तविक तो तिचा नियम आहे आणि पन्नासहून अधिक वर्षे तो तसाच चालत आला आहे. फाइल पुसणे ही त्या फाइलवर केलेली क्रिया नव्हेच. ती फाइल ज्या डिरेक्टरीत नोंदलेली असते, त्या डिरेक्टरीवर केलेली ती क्रिया होय. दप्तरखान्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. कागदाचे प्राक्तन पुष्कळदा त्याच्यावर काय लिहिले आहे यापेक्षा तो ज्या रुमालात बांधला आहे त्याची गाठ कोणाच्या हाती आहे, यावरच ठरत आले आहे.

आपण साहित्याचे अभ्यासक 'परवानगी' हा शब्द ऐकला की प्रकाशनबंदी, जप्ती, स्वामित्वहक्क यांचा विचार करू लागतो. म्हणजे संहितेचा विचार करतो. संहिता ठेवण्याच्या जागेला, तिच्या दारांना आणि किल्ल्यांना आपल्या चर्चेत फारसे स्थान नसते. पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावी मात्र हा जागेचाच प्रश्न आता अगदी घरगुती रूपात पुढे येतो. समजा, येथील एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने गोदाकाठच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, जुन्या पोथ्यांची छायाचित्रे घेतली, विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध गोळा केले आणि हे सारे एका संगणकावर ठेवून परभणी-नांदेडच्या सहकाऱ्यांसाठी फाइलींची देवाणघेवाण करणारा सर्व्हर उभा केला. मग प्रश्न येतो: कोणी ठेवायचे, कोणी पाहायचे, कोणी काढायचे? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर संगणक प्रयोगशाळेतला सहायक तीन आकडे टंकून देतो, सात-सात-सात, आणि सर्वांना सर्व काही करता येऊ लागते. तक्रारी थांबतात. पहिली ध्वनिफीत गहाळ होईपर्यंत कोणी त्या आकड्यांकडे पुन्हा पाहत नाही.

ते आकडे आले कोठून, हे पाहण्याआधी महाराष्ट्रातल्या एका जुन्या दप्तराकडे वळू. १८१८ साली पेशवाई संपली आणि पुण्याचे हुजूर दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्या रुमालांतले कागद ही केवळ इतिहासाची सामग्री नव्हती. जमिनी, इनामे, वतने यांचे पुरावे तेथे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांच्या सनदा तपासल्या जाऊ लागल्या, तेव्हा हे दप्तर सरकारच्या हातातले मोठे साधन ठरले. इनामदाराने आपल्या घरचा कागद दाखवायचा आणि सरकारने आपल्या रुमालातल्या नोंदीशी तो ताडून पाहायचा, असा तो व्यवहार होता. एका पक्षाला दोन्ही बाजूंचे कागद दिसत होते, दुसऱ्याला फक्त स्वतःचा. वाचण्याच्या परवानगीत केवढी सत्ता असते, हे महाराष्ट्रातल्या शेकडो घराण्यांनी त्या काळात अनुभवले.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणेश चिमणाजी वाड यांना या दप्तरातून रोजनिशांतले उतारे निवडता आले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांवर प्रस्तावनेदाखल निबंध लिहिला. परंतु सर्वसाधारण संशोधकाला ते दार बंदच होते. राजवाडे गावोगाव हिंडून खासगी घराण्यांची दप्तरे धुंडाळत राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि एकूण बावीस खंड झाले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते ज्या पुण्यात, त्याच पुण्यात हजारो रुमालांचे सरकारी दप्तर उभे होते आणि मंडळाच्या अभ्यासकांना ते मोकळे नव्हते. आत काय आहे याचीच नीट कल्पना बाहेरच्यांना नव्हती, ही त्यातली अधिक बोचणारी गोष्ट. कागद वाचू न देणे निराळे आणि कागदांची नावेही कळू न देणे निराळे. गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या कारकिर्दीत रियासतकार सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम सोपवले गेले, त्यात जदुनाथ सरकारांचा पाठिंबा मोठा होता, आणि १९३० ते १९३४ या अवधीत 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' पंचेचाळीस खंडांत छापून निघाले. शंभराहून अधिक वर्षांनी दार किलकिले झाले, तेही एका माणसासाठी आणि त्याच्या मदतनिसांसाठी.

या इतिहासातून चार क्रिया वेगळ्या काढता येतात: यादी पाहणे, आत जाऊन कागद हाताळणे, नवा कागद घालणे आणि असलेला कागद काढून घेणे. दप्तरदार या चारींचा निरनिराळा विचार करी. संगणकाने त्या तीन अक्षरांत बसवल्या. बसवताना काय गमावले, हा या लेखाचा विषय आहे.

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची कल्पना प्रथम नीटपणे साकारली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाच्या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एका यंत्रावर अनेक माणसे आली की प्रत्येकाची जागा वेगळी करावी लागते. तशी ती केली गेली, प्रत्येकाला परवलीचा शब्दही दिला गेला. त्या प्रणालीचा एक किस्सा कॉर्बाटो यांनी पुढे ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला आहे. संपादनाचा जो कार्यक्रम होता तो काम चालू असताना एका ठरीव नावाची तात्पुरती फाइल तयार करी. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, असे गृहीत धरलेले होते. प्रणालीची देखरेख करणाऱ्यांची डिरेक्टरी मात्र अनेकांची सामाईक होती आणि त्यांच्यापुरता हा निर्बंध सैल केला गेला होता. साठच्या दशकाच्या मध्यात एके दिवशी दोघे जण तेथे एकाच वेळी बसले. एक जण सर्वांना दाखवायची दैनंदिन सूचना दुरुस्त करत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची फाइल. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो जो संगणकावर आला त्याच्यापुढे दैनंदिन सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले. कोणी चोरी केली नव्हती, कोणी कुलूप फोडले नव्हते. दोन कागद एका रुमालात एकाच नावाने बांधले गेले, एवढेच.

याच संस्थेने बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यासह पुढे मल्टिक्स नावाची महत्त्वाकांक्षी प्रणाली हाती घेतली. १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी तिच्या फाइलव्यवस्थेवर निबंध वाचला. डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी ही आज आपल्या अंगवळणी पडलेली रचना त्यात विस्ताराने मांडलेली आहे. आणि प्रत्येक नोंदीशी जोडलेल्या पाच परवानग्याही. त्या पाचांत वाचणे, चालवणे आणि लिहिणे यांच्याबरोबर 'जोडणे' ही स्वतंत्र परवानगी होती. म्हणजे आधीचे न बदलता शेवटी भर घालण्याची मुभा. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला हा भेद सांगावा लागत नाही: आजची नोंद खाली लिहायची, कालच्या नोंदीला हात लावायचा नाही. मल्टिक्सच्या डिरेक्टरींवरही पुढे नोंदी पाहणे, बदलणे आणि नव्या जोडणे यांचे परवाने वेगवेगळे राहिले.

बेल लॅबोरेटरीज १९६९ साली मल्टिक्समधून बाहेर पडली आणि केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी एका लहानशा, जुन्या यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. यंत्र लहान, जागा अपुरी. साऱ्या गोष्टी आटोपशीर करणे भाग होते. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत परवानग्या अगदी तुटपुंज्या दिसतात: मालकाला वाचणे-लिहिणे, मालकेतरांना वाचणे-लिहिणे, आणि 'चालवता येते' अशी सर्वांना मिळून एकच खूण. 'जोडणे' गळाले ते गळालेच. माझ्या मते ही काटकसर समजण्याजोगी असली तरी तिची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. तिच्याकडे लवकरच येतो.

येथे आपल्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सेचा एक छान नमुना मिळतो. थॉम्पसन आणि रिची यांचा युनिक्सवरचा प्रसिद्ध निबंध दोन पाठांत उपलब्ध आहे. पहिला जुलै १९७४ मध्ये छापला गेला, दुसरा सुधारून १९७८ साली बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये. पहिल्या पाठात फाइलीच्या रक्षणासाठी सात खुणा सांगितल्या आहेत. त्यांपैकी सहा मालक आणि इतर सर्व यांना वाचणे, लिहिणे, चालवणे यांची मुभा देतात. दुसऱ्या पाठात त्याच वाक्यात सातांच्या दहा खुणा झाल्या आहेत आणि मालक व इतर यांच्यामध्ये एक तिसरा आला आहे: मालकाच्या गटातले लोक. दोन पाठांमधला हा भेद तीन खुणांचा. पण एका समाजाची घडण त्यात दिसते. आधी जगात 'मी' आणि 'बाकीचे' एवढेच होते. चार वर्षांत 'आमचे' आले. आज कोणत्याही सर्व्हरवर विभागासाठी सामाईक डिरेक्टरी करता येते ती या मधल्या तिघांमुळे.

दोन्ही पाठांत एक विधान मात्र कायम आहे आणि ते फार मोलाचे आहे. फाइल कोणत्याही डिरेक्टरीच्या 'आत' नसते. डिरेक्टरीत असते ते फक्त एक नाव आणि त्या नावापुढे एक क्रमांक. फाइल त्या क्रमांकावर अन्यत्र नांदत असते. एकाच फाइलीला अनेक डिरेक्टरींत अनेक नावे असू शकतात. 'पुसणे' म्हणजे यादीतले नाव खोडणे, आणि शेवटचे नाव खोडले गेले की यंत्र ती जागा मोकळी समजते. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या चमत्काराचा उलगडा येथे होतो. यादीत लिहिण्याची मुभा असलेल्या माणसाला नाव खोडता येते. नावापुढच्या कागदात काय आहे हे त्याला कळण्याची गरज नसते.

आता ती तीन अक्षरे पाहू. इंग्रजीतली ती आर, डब्ल्यू आणि एक्स. फाइलीच्या बाबतीत त्यांचा अर्थ वाच, लिही, चालव. डिरेक्टरीवर हीच अक्षरे अर्थ बदलतात. 'वाच' म्हणजे आतली नावे पाहण्याची मुभा. 'लिही' म्हणजे नावे घालण्याची आणि खोडण्याची मुभा. 'चालव' म्हणजे ओलांडून पुढे जाण्याची मुभा. पूर्णा हे जंक्शन असल्यामुळे येथील विद्यार्थ्यांना हा फरक समजावणे सोपे जाते. स्थानकावर गाड्यांचा फलक लावलेला आहे पण फलाटाचे दार बंद आहे, तर वाचता येईल, जाता येणार नाही. उलट फलक काढून टाकला आहे पण दार उघडे आहे, तर ज्याला हिंगोली हे नाव ठाऊक आहे तो अकोल्याकडच्या गाडीत बसून जाईल, ज्याला ठाऊक नाही तो फलाटावर उभा राहील. नाव माहीत असणे हीच तेथे किल्ली.

प्रत्येक अक्षर असेल किंवा नसेल, म्हणून तीन अक्षरांच्या आठ रचना होतात. वृत्तांचा तास घेणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो. असलेले अक्षर गुरू माना, नसलेले लघू. आपले आठ गण जसेच्या तसे हजर होतात. सर्व मुभा असलेला तो मगण, काहीच नसलेला नगण. वाचता आणि ओलांडता येते पण लिहिता येत नाही, तो रगण. संगणकवाले हेच चार, दोन आणि एक यांच्या बेरजेने सांगतात: मगण सात, रगण पाच, नगण शून्य. मालक, गट आणि इतर यांचे तीन गण एकापुढे एक ठेवले की सात-पाच-पाच म्हणजे म-र-र, आणि आपल्या सहायकाचे सात-सात-सात म्हणजे म-म-म. जगण, म्हणजे फक्त मधले 'लिही', डिरेक्टरीवर निरुपयोगी ठरतो, कारण दार ओलांडता येत नसेल तर यादीत लिहायला पोहोचायचे कसे? यगण मात्र महत्त्वाचा: यादी दिसत नाही, पण आत जाऊन टाकता येते. टपालाची लाल पेटी ती हीच.

या पेटीची गरज निर्माण झाली ती फाइली दूरवर पाठवण्याची सोय झाल्यावर. १६ एप्रिल १९७१ रोजी अर्पानेट या जाळ्यावरच्या संगणकांसाठी फाइल हस्तांतरणाच्या नियमांचा पहिला मसुदा निघाला. त्याचे लेखक अभय भूषण हे मूळचे अलाहाबादचे, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर, तेव्हा मॅसॅच्युसेट्सला होते. पुढे मसुद्यावर मसुदे आले. आज प्रमाण मानला जातो तो जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांचा ऑक्टोबर १९८५ चा. गंमत अशी की, नवी डिरेक्टरी निर्माण करण्याची आज्ञा या नियमांत १९८० अखेरपर्यंत नव्हतीच. फाइल न्यावी, आणावी. ती ज्या रुमालात राहते त्याचा विचार उशिरा सुचला.

१९८५ च्या या प्रमाण पाठात परवानग्यांचे नियम सापडत नाहीत. तो भार ज्या त्या संगणकाच्या व्यवस्थेवर टाकलेला आहे. नकाराचे उत्तर तेवढे ठरवून दिले आहे: क्रमांक ५५०. त्याचा अर्थ 'फाइल उपलब्ध नाही', आणि उदाहरणादाखल दोन कारणे एकत्रच दिली आहेत: फाइल सापडली नाही, किंवा तुम्हाला प्रवेश नाही. दप्तरखान्याच्या खिडकीशी उभे राहिलेल्या प्रत्येकाने हे उत्तर ऐकले आहे. 'नाही' म्हणजे कागद नाही, की तुमच्यासाठी नाही? सुरक्षेच्या दृष्टीने हा मोघमपणा सोयीचाही आहे, कारण नकारातूनही कागदाच्या अस्तित्वाची बातमी फुटू शकते. संशोधकाला मात्र तो छळतो.

नव्वदच्या दशकापर्यंत 'अनामिक' प्रवेशाची प्रथा रुळली होती. 'ॲनॉनिमस' असे नाव द्यायचे, परवलीच्या शब्दाच्या जागी शिष्टाचार म्हणून आपला ईमेल पत्ता लिहायचा आणि सर्वांसाठी ठेवलेल्या डिरेक्टरीतून हवे ते घ्यायचे. विद्यापीठे आपले निबंध, कार्यक्रम, संहिता अशा डिरेक्टरींत ठेवत. शेजारी बाहेरच्यांनी काही पाठवायचे असेल तर 'आवक' डिरेक्टरी असे. ती सर्वांना वाचता-लिहिता येईल अशी ठेवली की काय होते, हे लवकरच दिसून आले. कोणी परका तेथे चोरीचे कार्यक्रम आणून टाकी, दुसरा परका ते उचलून नेई. विद्यापीठाच्या नकळत त्याचे आवार चोरबाजार होई. मग व्यवस्थापकांनी 'वाच' हे अक्षर काढून घेतले आणि डिरेक्टरी यगणात आणली. त्यानेही पुरते भागले नाही, कारण फलक नसला तरी नाव ठाऊक असलेल्याला गाडी मिळते, आणि नावे आपापसांत कळवता येतात. शेवटी आलेली प्रत्येक फाइल तपासणी होईपर्यंत कोणालाच वाचता येऊ नये, अशी व्यवस्था करावी लागली.

त्यापेक्षा गंभीर पेच 'लिही' या अक्षराचा होता. युनिक्सने जोडणे आणि खोडणे एकाच अक्षरात कोंबले होते. ज्याला आपली फाइल आणून ठेवता येते त्याला दुसऱ्याची खोडताही येते. सामाईक डिरेक्टरीत हे चालणे शक्य नव्हते. बर्कलीच्या युनिक्समध्ये १९८६ च्या सुमारास एक जुनी, मूळची निराळ्या कामाची खूण या कामाला लावली गेली. तिला 'चिकट' खूण म्हणतात. ती असलेल्या डिरेक्टरीत कोणीही नाव घालू शकतो, पण ते खोडण्याचा अधिकार त्या फाइलीच्या मालकाला, डिरेक्टरीच्या मालकाला आणि सर्वाधिकाऱ्याला एवढाच. मल्टिक्सने १९६५ साली वेगळे ठेवलेले दोन अधिकार अशा तऱ्हेने वीस वर्षांनी ठिगळ लावून पुन्हा वेगळे झाले. मूळ वस्त्र तसे विणले असते तर बरे झाले असते, असे वाटते. पण तेव्हा सूतच कमी होते.

एक उपाय आणखी आला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या एका सोयीने माणसाला ठरावीक डिरेक्टरी हेच संपूर्ण जग आहे असे भासवता येते. तिच्यावर चढून जाण्याचा मार्गच त्याला दिसत नाही. फाइल सर्व्हरांनी ती उचलली. परंतु ज्या डिरेक्टरीत माणसाला कोंडले, तिच्यात लिहिण्याचा अधिकार त्याच्याकडेच असेल तर तो तेथे अशा फाइली रचू शकतो ज्यांवर सर्वाधिकाऱ्याचे कार्यक्रम भाबडेपणाने विश्वास ठेवतील. म्हणून ओपनएसएसएचमध्ये २००८ साली ही सोय आली तीच या अटीवर की, ती डिरेक्टरी आणि तिच्या वरच्या सर्व डिरेक्टरी सर्वाधिकाऱ्याच्या मालकीच्या असाव्यात व दुसऱ्या कोणालाही त्यांत लिहिता येऊ नये. व्हीएसएफटीपीडी हा लोकप्रिय सर्व्हरही २०११ पासून अशा लिहित्या कोंडवाड्यात काम करायला नकार देतो. 'माझ्याच घरात मला लिहिता येत नाही' अशी तक्रार तेव्हापासून सर्वत्र ऐकू येते. उत्तर साधे आहे: भाडेकरूला खोली द्यावी, वाड्याची चौकट देऊ नये. वरची डिरेक्टरी सर्वाधिकाऱ्याची, तिच्या पोटातली एक माणसाची.

तेव्हा पूर्णेच्या त्या कल्पित विभागाकडे परत जाऊन रुमाल बांधायचे ठरवले, तर कसे बांधावेत? सर्वांत वरची 'संग्रह' ही सर्वाधिकाऱ्याच्या मालकीची, सात-पाच-पाच. तिच्यात 'वाचनार्थ': तपासून पक्क्या झालेल्या ओव्या आणि पोथ्या, तीही सात-पाच-पाच, सर्वांनी पाहावे, विभागप्रमुखाखेरीज कोणी हात लावू नये. 'विभाग': अध्यापकांचे चालू काम, सात-सात-शून्य, आणि पुढे दोनचा आकडा, म्हणजे तेथे जन्मणारी प्रत्येक फाइल आपोआप विभागाच्या गटाची होईल. 'आवक': विद्यार्थ्यांनी ध्वनिफिती आणून टाकायची जागा. येथे म-म-य, आणि पुढे तीनचा आकडा. त्यातले दोन गटाच्या वारशाचे आणि एक चिकट खुणेचा. विद्यार्थ्याला यादी दिसत नाही, दुसऱ्याचे काढता येत नाही, स्वतःचे टाकता येते. अध्यापकाला सर्व दिसते, पण त्याने न आणलेले तोही पुसू शकत नाही. नव्या फाइलींवर इतरांसाठी काहीच मुभा राहू नये म्हणून सर्व्हरचा मुखवटा शून्य-शून्य-सात ठेवावा लागतो. तो विसरला तर नाव ताडून कोणीही आतले वाचील. एवढे करायला पाऊण तास लागतो. सात-सात-सात टंकायला तीन सेकंद.

हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मराठवाड्याला त्याचे उत्तर नुकतेच मिळाले आहे. पूर्णा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. या भागाचे जुने कागद काही मोडीत, काही उर्दूत-फारसीत, काही तहसिलीत तर काही हैदराबादेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा वर्षानुवर्षे कोणी न उघडलेले रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि पानांची छायाचित्रे काढून ती लोकांना पाहता येतील अशी ठेवण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत झाले. आरक्षणाच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या पानावर एखाद्या कुटुंबाच्या मुलांचे शिक्षण अवलंबून आहे, ते पान सर्वांना दिसावे आणि कोणालाही बदलता येऊ नये, ही अपेक्षा आता गावच्या पारावर बोलली जाते. म-र-र हा शब्द तेथे कोणी उच्चारत नाही एवढेच. इनाम कमिशनच्या काळी दोन्ही बाजूंचे कागद एकाच पक्षाला दिसत होते.

जुने फाइल हस्तांतरण मात्र आता मावळतीला आले आहे. परवलीचे शब्द ते उघड्यावर पाठवते, हा त्याचा जन्मजात दोष. डेबियनने आपली सार्वजनिक सेवा नोव्हेंबर २०१७ मध्ये थांबवली; २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स यांनी ती सोय काढून टाकली. त्याची जागा कूटलेखन करून पाठवणाऱ्या एसएफटीपीने घेतली आहे. महानुभावांनी सकळ लिपीत ग्रंथ लिहिले तेव्हा हाच दुसरा मार्ग पत्करला होता: पोथी कोणाच्याही हाती पडो, अक्षरे उलगडणार नाहीत. तो मार्ग वाचण्यापासून रक्षण करतो, पुसण्यापासून नाही. म्हणून नव्या सर्व्हरवरही डिरेक्टरीची तीन अक्षरे तशीच ठेवावी लागतात.

शेवटी एक गोष्ट, जिच्याकडे महाविद्यालयांतून हमखास दुर्लक्ष होते. फाइलीचा मालक संगणकाला नावाने ठाऊक नसतो. तेथे फक्त एक क्रमांक नोंदलेला असतो आणि नाव दुसऱ्या यादीतून शोधून दाखवले जाते. विभागातले कोणी निवृत्त झाले आणि त्यांचे खाते काढून टाकले, तर त्यांच्या फाइलींपुढे नावाच्या जागी नुसता आकडा उरतो. पुढच्या वर्षी नवे प्राध्यापक रुजू होतात, त्यांना तोच मोकळा क्रमांक दिला जातो आणि त्या क्षणी आधीच्या माणसाच्या साऱ्या फाइली, खासगी टिपणांसह, त्यांच्या होतात. ना वारसपत्र, ना सनद. म्हणून निवृत्तांचे खाते पुसायचे नसते. त्याला कुलूप लावून क्रमांक तसाच राखून ठेवायचा असतो, आणि फाइलींची मालकी निरोपसमारंभाच्या आधीच, ते समोर असताना, बदलून घ्यायची असते.